जोडव्याची अळंबी

माझं माहेर आटपाडीकडचं. तिथे पावसानंतर जमिनीतून जे काही पांढरं, गोल आणि मऊ वर येई त्या सगळ्याला आमच्याकडे एकच नाव होतं, कुत्र्याची छत्री. ती खायची नसते, तिला हात लावायचा नसतो आणि चुकून लागलाच तर हात मातीने घासून धुवायचा असतो. का, ते कुणी विचारत नसे. माझ्या आईला विचारलं असतं तर ती म्हणाली असती, मेंढरंसुद्धा तिला तोंड लावत नाहीत, तू कोण लागून गेलीस?

तो मोठा दुष्काळ सरला आणि पुढच्या उन्हाळ्यात माझं लग्न झालं. थोरला भाऊ पलटणीत होता. त्याच्याच पलटणीतला एक जवान त्याने माझ्यासाठी पाहिला. मुलगा निर्व्यसनी आहे, घरी आई एकटीच आहे, एवढं त्याने सांगितलं. घर महाबळेश्वराच्या खालच्या अंगाला डोंगरात आहे आणि तिथे आषाढ-श्रावणात अंगावरचं लुगडंसुद्धा वाळत नाही, हे सांगायचं तो सोयीस्कर विसरला. रजा संपली, नवरा निघून गेला आणि त्या ओल्या घरात मी आणि सासूबाई अशा दोघीच उरलो.

त्यांना मी आत्याबाई म्हणत असे. बुटक्या, काटक, कमी बोलणाऱ्या. पावसाळ्यात त्या डोक्यावर इरलं घेऊन बाहेर पडत आणि त्या इरल्याखालून फक्त पावलं दिसत. मला त्यांची भीती वाटायची. भीतीपेक्षा जास्त राग यायचा, कारण मी पावसाला कंटाळून रडायला लागले की त्या मला समजवायला येत नसत, चुलीत लाकूड सारून निघून जात.

पहिल्या श्रावणात एक दिवस त्या पदराचा ओचा भरून घेऊन आल्या. मी डोकावून बघितलं तर आत कुत्र्याच्या छत्र्या. मी मागे सरले.

"अळंबी हाय ती," त्या म्हणाल्या. "भूत बघितल्यागत काय करतीस?"

"आमच्यात खात न्हाईत."

"नगं खाऊस. मला तेवढीच जास्त."

त्यांनी ती निवडली, धुतली, हातानेच फाडली आणि कांदा-खोबरं भाजून, घरचा तिखट मसाला घालून रस्सा केला. घरभर मटणाचा वास सुटला. श्रावणात! त्यावरून गावात कायमचा वाद होता. काहींच्या मते जे वशाटासारखं लागतं ते वशाटच, श्रावणात ते घरात शिजवणं पाप. आत्याबाईंचं उत्तर ठरलेलं होतं, देवानं ती उगवलीच श्रावणात, तर दोष देवाला लावा. त्यांनी दुपारी एकटीने बसून वाटीभर रस्सा आणि भाकरी खाल्ली आणि पातेल्यावर झाकण ठेवलं. मी लोणच्याशी भाकरी खाल्ली.

उरलेलं का झाकून ठेवलंत, असं मी विचारलं तेव्हा त्यांनी मला त्या घराची रीत सांगितली. जिने तोडली तिने आधी खायची. मग गुरं रानातून घरी येईपर्यंत बाकीच्यांनी थांबायचं. गुरं आली आणि खाणारी ठणठणीत असली की सगळ्यांना वाढायचं. त्यांच्या सासूनेही असंच केलं होतं आणि तिच्या सासूनेही. "तोडणाऱ्याची खात्री म्हंजी काय? त्याचं पोट," त्या म्हणाल्या. घरात आम्ही दोघीच, आणि मी तर खाणारही नव्हते, तरी त्या थांबल्या होत्या.

संध्याकाळी गुरं आली. वास अजून घरात होताच. मी कधी ताट घेतलं ते मलाच कळलं नाही. पहिला घास मी गिळला तो डोळे मिटून. दुसरा चावला. मऊ, पण लिबलिबीत नाही, दाताखाली धागा सुटावा तसा लागणारा. मग मी पातेलं पुसून खाल्लं. दुसऱ्या दिवशी आत्याबाई बाहेर निघताना दारात थांबून म्हणाल्या, "येतीस?"

तेव्हापासून मी त्यांच्याबरोबर जायला लागले आणि तेव्हापासूनच आमचं जमलं. रानात गेल्यावर ही कमी बोलणारी बाई बडबडी होई. वारुळाजवळ जायचं तर वहाणा लांब काढायच्या. आरडाओरडा करायचा नाही, नाहीतर पुढच्या साली ती जागा सोडून जाते. सगळी उपटायची नाही, माती परत सारखी करायची. कुणी वाटेत भेटलं तर ओच्यावर पदर ओढायचा, कारण जागा म्हणजे घरातलं गुपित. सख्ख्या जावेलाही त्यांनी ती सांगितली नव्हती, आणि मला दाखवली. मला याचं फार वाटलं. त्या ओल्या मुलखात मी कुणाचीतरी झाले ती तिथे, वारुळासमोर उकिडवी बसून.

त्यांना दोन जातींची पक्की ओळख होती. एक वारुळाची, जिचं मूळ खोल वारुळात उतरलेलं असतं. दुसरी माळावरची. ती उंच, डोक्यावर तपकिरी ठिपके, आणि दांडीवर एक सुटं कडं. ते बोटाने वरखाली सरकवता येई. त्या तिला जोडव्याची म्हणत. "जोडवं सरकतंय, खालनं पांढरीफेक हाय, म्हंजी आपली," हे त्यांनी मला इतक्यांदा सांगितलं की मी झोपेतही सांगितलं असतं. बाकी कशालाही त्या हात लावत नसत. शेजारची एक बाई रश्शात चांदीचं नाणं टाकून बघायची, काळं पडलं तर विषारी म्हणे. दुसरी लसणाची पाकळी टाकायची. आत्याबाई हसायच्या. "खाणार तुमी, आन् इचारताय चांदीला?"

दुसऱ्या श्रावणात मला दिवस गेलेले होते. त्यांनी मला अळंबी चाखूही दिली नाही, नुसती बरोबर नेली.

पहिलं बाळंतपण माहेरी झालं. मुलगी झाली. त्या साली हस्ताचा पाऊस आमच्या कोरड्या मुलखातही मनासारखा पडला होता. एसट्या बदलत बदलत आत्याबाई बारशाला आल्या, बरोबर तांदूळ, नाचणी आणि मधाची बाटली घेऊन. बारसं झालं तरी माझ्या आईने त्यांना जाऊ दिलं नाही. दोघी विहिणी एकमेकींशी इतक्या अदबीने बोलत की मला हसू येई. आई त्यांना काडी उचलू देत नव्हती. रोज तुपातलं काहीतरी पुढे येत होतं आणि आत्याबाईंचा जीव गुदमरत होता. आयतं खायची सवयच नव्हती त्यांना. आपणही या घराला काहीतरी करून घालावं, हे त्यांच्या मनात घोळत होतं. माझ्यापाशी त्या तसं बोलल्याही.

घरामागच्या पडीक तुकड्यात वडिलांनी उन्हाळ्यात धनगराची मेंढरं बसवली होती. रात्रभर मेंढरं शेतात बसली की लेंड्यांनी रान खतावतं, म्हणून आमच्याकडे सगळेच बसवतात. पावसानंतर त्या खतावलेल्या जागेत गोलाकार रांग धरून पांढऱ्या छत्र्या उगवल्या. त्या दर पावसाच्या साली उगवत असतील, आमचं कुणाचं तिकडे लक्ष नसे. सकाळी परसाकडे गेलेल्या आत्याबाई परत आल्या त्या ओचा भरून आणि तोंडभर हसत.

"इनबाई, आवं तुमच्या रानात सोनं उगवलंय की! आन् तुमी म्हणताय, हितं काय पिकत न्हाई!"

आईचा चेहरा उतरला. विहिणीने आपल्या हाताने रांधलेलं नको म्हणणं म्हणजे तिचा अपमान, आणि खाणं म्हणजे आयुष्यभर ज्याला विष म्हटलं ते तोंडात घालणं. तिने माझ्याकडे बघितलं. मी बाजेवरूनच हात पुढे केला आणि एक घेऊन पाहिली. डोक्यावर तपकिरी ठिपके, दांडीवर कडं, ते वरखाली सरकत होतं, खाली पातळ पांढऱ्या पाकळ्या. डोंगरातली आणि ही शेजारी शेजारी ठेवली असती तर मला ओळखू आली नसती. आत्याबाईंनाही नसती आली, आणि त्यांचा तर त्यात जन्म गेला होता.

आईने चूल त्यांच्या हवाली केली. हा तिच्या दृष्टीने मोठाच मान होता. दुपारपर्यंत वासाने शेतातले वडीलही घरात आले आणि पाटावर बसले. आत्याबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि दाराआडून सांगितलं, "गुरं घरला येस्तवर कुणी खायाचं न्हाई. आमची रीत हाय."

"पाटावर बसवून उठवायची ही कुठली रीत?" वडील पुटपुटले. आईने घाईघाईने त्यांच्यापुढे पिठलं ठेवलं. तिचा जीव तेवढ्यापुरता भांड्यात पडला असावा. आत्याबाईंनी मात्र एका कोपऱ्यात बसून वाटीभर खाल्लं आणि "डोंगरातल्या परीस पाणचट हाय, पर चांगली हाय," असा निकाल दिला.

मग नातीला मांडीवर घेऊन त्या माझ्या बाजेशेजारी बसल्या. तिच्या नाकाकडे बघून कुणाचं नाक आहे यावर आम्ही बोलत होतो. बोलता बोलता त्यांनी तिला माझ्याकडे केलं. "घे गं हिला," म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज वेगळाच आला. कपाळावर घाम होता. त्या उठल्या, अंगणापर्यंत पोचल्या आणि तिथेच बसल्या. त्यानंतरचं मी सगळं सांगत नाही. आतडी बाहेर येतील असं वाटावं इतक्या त्या ओकल्या, आणि मग दुसरंही सुरू झालं. गुरं घरी यायला अजून अवकाश होता.

वडिलांनी गाडी जुंपली. आईने विहिणीला लहान मुलासारखं उचलून गाडीत घातलं आणि स्वतः तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली. मला, बाळंतिणीला, कोण नेणार? मी मुलीला घेऊन घरात राहिले. जाता जाता आई ओरडली, त्या पातेल्यापाशी कुणाला जाऊ देऊ नको. मी झाकणावर पाटा ठेवला आणि समोर बसून राहिले. आत घरातल्या सगळ्यांना पुरेल एवढं होतं. वास अजूनही तोंडाला पाणी सुटावं असाच होता, आणि त्या वासाचा मला इतका संताप आला की मी रडायला लागले. आत्याबाई गेल्या तर नवऱ्याला काय लिहायचं, तुझी आई माझ्या माहेरी येऊन मेली असं? लोक काय म्हणतील याचीही भीती वाटली. पण खरं सांगायचं तर त्या वेळी मला दुसऱ्या कशाचं नव्हे, त्यांचंच वाटत होतं. माझ्या आईइतकंच.

दवाखान्यात सलाईन लावलं. वाटेत आणि तिथे गेल्यावरही शुद्ध होती तोवर त्या आईला एकच विचारत होत्या, "इनबाई, कुणी खाल्लं न्हाई न्हवं?" आई दर वेळी सांगायची, "न्हाई वो, कुणी न्हाई." दुसऱ्या दिवशी वडील निरोप घेऊन आले की धोका टळला. आई चार दिवस त्यांच्यापाशी राहिली, बरं वाटल्यावर त्यांना त्यांच्या गावाकडच्या एसटीत बसवून घरी परत आली आणि आल्याबरोबर पहिलं काम काय केलं, तर परड्यात खोल खड्डा खणून ते पातेलं रश्शासकट पुरलं. कुत्र्याच्या तोंडीही लागायला नको म्हणून. पातेलं चांगलं पितळेचं होतं.

गावातल्या बायका येऊन सांगायला लागल्या, चांदी टाकून बघायची होती, लसूण टाकायचा होता. मला त्यांचा राग यायचा. आता मला माहीत आहे की चांदी आणि लसूण काही सांगत नाहीत, जिवाला घातक अळंबीतही नाणं लखलखीत राहतं. आणि हेही माहीत झालंय की काही विषं दुसऱ्या दिवशीपर्यंत दबा धरून बसतात. तेव्हा गुरं घरी येईपर्यंत थांबण्याच्या रीतीवर तरी कुणी किती विसंबावं? त्या दिवशी आमचं घर त्या रीतीने वाचलं एवढं खरं. पण वाचलं यातला अर्धा वाटा नशिबाचा होता, हे मी आज कुणालाही सांगते.

मी उठून फिरायला लागल्यावर त्या पडीक तुकड्यात गेले. पुन्हा पाऊस पडून नवी रांग आली होती. त्यातली उमललेली, शिळी झालेली एक छत्री काडीने उलथली. खालच्या पाकळ्या हिरवट पडल्या होत्या, भिजवलेल्या मुगाच्या सालासारख्या. आमच्या डोंगरातली जोडव्याची कितीही शिळी झाली तरी खालून पांढरीच राहते, हे मी पाहिलेलं होतं. म्हणजे ही दुसरीच होती. कोवळेपणी बहिणीसारखी दिसणारी. सासरी परतल्यावर मी हे आत्याबाईंना मोठ्या उत्साहाने सांगितलं. तुमचे डोळे फसले नाहीत, त्या सकाळी ती तशी दिसतच नव्हती, असं पटवायला लागले.

त्यांनी ऐकून घेतलं. "त्या सांजला मी ती समद्यांना वाढणार हुते," एवढंच म्हणाल्या.

तिसरा श्रावण आला. त्या अळंबीला गेल्या नाहीत. वारुळावरची उगवली आणि सडली. माळावरची गुरांच्या पायाखाली गेली. मी विषय काढला की त्या चुलीत लाकूड सारून निघून जात, पहिल्या वर्षी जात तशाच. वाळलेल्या होत्या, अंगात पूर्वीची ताकद राहिली नव्हती, पण ते दुखणं नव्हतं त्यांचं. भाजी निवडताना त्या पान न् पान उलटून बघत. ज्या बाईने आयुष्यभर रान हाताच्या तळव्यासारखं ओळखलं ती आता अंबाडीच्या जुडीलाही घाबरत होती. मला वाईट वाटे आणि चीडही येई. एका दुपारने एवढं सगळं खोटं ठरवायचं?

पंचमी झाल्यावर माझी आई मला न्यायला आली. भाऊ पलटणीत, वडिलांना शेत सुटेना, म्हणून तीच. आमच्याकडे लेकीला मूल होईपर्यंत आईबाप तिच्या घरचं पाणीही पीत नाहीत. आता नात होती, त्यामुळे आई माझ्या घरी पहिल्यांदाच जेवणार होती. आत्याबाईंनी विचारलं, "इनबाई, काय करू तुमच्यासाठी? पुरण घालू?"

"अळंबी करा," आई म्हणाली.

आत्याबाईंच्या हातातलं तांब्याभर पाणी सांडलं.

"वारुळाची करूया," मी मध्ये पडले. "तिला मूळ असतंय, तिच्यात चूक हुत न्हाई."

"ती नगं," आई म्हणाली. "जोडव्याची. आमच्या रानात जिचं सोंग आलं हुतं ती खरी कशी असती, ते बघू दे मला."

मी आईला बाजूला नेऊन खूप बोलले. ती माझ्यावरच उखडली. "तुला काय कळतंय? त्या माझ्या घरात मरता मरता वाचल्या. त्या पयल्या खाऊन बसल्या नसत्या तर मी खाल्ली असती, तुझ्या बापानं खाल्ली असती." तिच्यापुढे कुणाचं चाललंय?

माळावर आम्ही तिघी गेलो, मुलगी माझ्या कडेवर. आत्याबाई अंतर ठेवून उभ्या राहिल्या, तोडली मी. एक उमललेली तोडून सुपात पालथी ठेवली आणि खालून हिरवी पडते का, याची सकाळपर्यंत वाट बघितली. पांढरी ती पांढरीच राहिली. मग नवी आणून रस्सा केला. तोडलेली मी, तेव्हा रीतीने आधी मीच खायची होती. मी ताट घेतलं तर आत्याबाईंनी ते ओढून घेतलं. "तुझं पोर अंगावर पितंय. मी खाते." पण घास उचलेना. त्या ताटाकडे बघत बसल्या आणि मग त्यांच्या डोळ्यांना धार लागली.

आईने ते ताट आपल्यापुढे घेतलं आणि खायला सुरुवात केली. थोडंथोडकं नाही, भाकरी मोडून, बोटं चाटून. आत्याबाई तिला अडवायला पुढे झाल्या, तिने डाव्या हाताने त्यांना बाजूला केलं. आज मी माझ्या कुठल्याही माणसाला असं करू देणार नाही. त्या दिवशी मात्र मी तोंड उघडलं नाही.

मग आम्ही थांबलो. आई भिंतीला टेकून बसली. आत्याबाई तिच्या अगदी जवळ, तिचं मनगट धरून. तिला घाम येतोय का, रंग बदलतोय का, बघत. आई माहेरच्या गावच्या गोष्टी सांगत होती, सांगता सांगता तिचा आवाज मंदावला, मान एका बाजूला कलली आणि ती गप्प झाली.

"इनबाई!" आत्याबाई किंचाळल्या. त्यांनी तिचे खांदे धरून तिला गदागदा हलवलं. "इनबाई, आवं इनबाई!"

आईने डोळे उघडले. ती भयंकर चिडली होती. "आवं, पोटभर जेवलेल्या माणसाला जरा झोपू तरी द्या की!" आणि मग पातेल्याकडे बघून म्हणाली, "ऱ्हायलंय का अजून?"

आत्याबाई तिच्या गळ्यात पडून हमसून हमसून रडल्या. किती वेळ, ते मला सांगता येणार नाही. मग पदराने तोंड पुसून उठल्या, पातेल्यावरचं झाकण काढलं आणि गुरांची वाट न बघता तीन ताटं वाढली.